पहिला पट्टा

नंदुरबारात मिरचीच्या पथाऱ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर
धुडकू आप्पाचं दुकान, आठ बाय दहा.
हंगामात सोल्डरचा धूर आणि मिरचीची धूळ अशी एक होते
की गिऱ्हाईक आधी शिंकतं, मग पंखा टेकवतं.

आयटीआयमधून सुटले की मी तिथंच.
पहिल्या दिवशी त्यानं तळहातावर रेझिस्टर ठेवला,
तांदळाहून थोडा जाड, दोन्ही टोकांना तारेच्या मिशा.
"पहिला पट्टा कोनता शे?"
पिवळा.
"मंग?"
जांभळा. मग लाल. शेवटी सोनेरी.
"चार, सात, वर दोन शून्यं," आप्पा म्हणाला,
आणि डबीत हात घालून तसलाच दुसरा मागितला माझ्याकडे.

तेव्हापासून रोज तीच परीक्षा.
चांगला असेल तर मीटर सांगतं, जळालेला मीटरवर बोलत नाही,
त्याचे रंगच विचारावे लागतात.
लालच्या जागी कुणी हिरवा वाचला
तर चार हजार सातशेचे सत्तेचाळीस लाख होतात,
हे त्यानं मला इतक्यांदा सांगितलं
की मला वाटलं, मास्तर माणूस, त्याच त्या गोष्टी सांगणारच.

डायोडचा पट्टा मात्र त्यानं कधी विचारला नाही.
काळ्यावरचा तो पांढरा पट्टा स्वतःच पाहायचा
आणि म्हणायचा, "हाऊ एकमार्गी. जाऊ देस, येऊ देस नही."
कपॅसिटरवरचे बारीक आकडेही चष्म्याशिवाय वाचायचा.

जमनाबाई पथारीवरून पंखा घेऊन आली.
"आप्पा, काठी मारी ना, का मंग फिरस."
आप्पा हसला. कपॅसिटर दमला होता.
काढण्याआधी त्यानं स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवला
दोन तारांवर. चट्ट. निळी ठिणगी.
"लाईट गई तरी हाऊ धरी ठेवस," मला म्हणाला,
"इले हात लावाना पहिले मोकळं करनं पडस."
अडीचचा नवा बसवला, पंखा काठीशिवाय उठला,
जमनाबाईनं पैशांसोबत मूठभर मिरची दिली.
आप्पानं ती नाकाशी नेली. पाहिली नाही.

रसवंतीवाल्यानं फ्यूजच्या जागी खिळा ठोकला होता,
मोटर जळाली तेव्हा आप्पा त्याच्यावर ओरडला,
"बारीक तार वितळनी म्हनजे तिनं काम कयं! तू खिळाले काय सांगशी?"
त्या रागात नव्या वायरचं बंडल सोडलं
आणि एक टोक माझ्यापुढं केलं: "धर, फेज."

वायर हिरवी होती.

मी काही बोलले नाही.
हिरवी बाजूला ठेवली, लाल उचलली,
जोडली, स्क्रू आवळला.
माझे हात तेवढे गार पडले.

मग दुकानातल्या जुन्या वायरी आठवल्या,
प्रत्येक फेजला एक गाठ, अर्थिंगला दोन.
मी त्याला सवय समजत होते, किंवा नवस.
संध्याकाळी परत जाताना पथारीवर
नजर पोचेल तिथवर मिरची वाळत पडलेली.
एवढं लाल, आणि तो रोज त्यातून सायकल काढतो.
त्याला ते कशासारखं दिसत असेल?
वाळलेल्या गवतासारखं? ओल्या मातीसारखं?
विचारता आलं नाही. आलं असतं तरी.

दुसऱ्या दिवशी: "पहिला पट्टा कोनता शे?"
तपकिरी, मी म्हणाले, थोडं मोठ्यानं, थोडं हळू,
परीक्षेत बसल्यासारखं.
त्यानं मान डोलावली, उत्तर बरोबर आल्यासारखी.

काल तो जेवायला गेला तेव्हा नवं बंडल उघडलं.
लालला एक गाठ, हिरवीला दोन,
टोकापासून चार बोटांवर, त्याच्यासारखीच.
आला. स्टुलावर बसला. बोटं वायरीवरून फिरली,
एका गाठीपाशी थांबली.
बाहेर कुणीतरी शिंकलं.
"ढिली शे," एवढंच म्हणाला,
आणि स्वतःच आवळून दिली.